आधी स्टिअरिंगची दांडी बघा

घरी ड्रायव्हिंग कॅबिनेट, म्हणजे आर्केडसारखं चाक-पेडलवालं गाडीच्या खेळाचं यंत्र, बांधायचं ठरलं की बहुतेक जण चाक, पेडल, बटणं संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी बोर्डांच्या याद्या चाळू लागतात. बटणं किती जोडता येतात, दिवे लावता येतात का, वगैरे. पण स्टिअरिंगच्या दांडीला मागे कोणता सेन्सर बसलाय, यावर बोर्ड ठरतो. तो बघायच्या आधी बोर्ड घेऊ नये.

एक सेन्सर 'चाक कुठे आहे' ते सांगतो, दुसरा 'चाक किती सरकलं' एवढंच. पहिला म्हणजे पोटेन्शिओमीटर (थोडक्यात 'पॉट'), तीन पायांचा फिरता रोध. टोकाच्या दोन पायांना ५ व्होल्ट आणि ग्राउंड दिलं की मधल्या पायावरचं व्होल्टेज चाकाबरोबर चढतं-उतरतं. अर्डुइनो लिओनार्डो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावरची अ‍ॅटमेगा ३२यू४ चिप ते १० बिटांत मोजते, म्हणजे १०२४ पायऱ्यांत. एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. शिवाय ती थेट जॉयस्टिक म्हणून संगणकाशी बोलते.

या १०२४ पायऱ्या मिळतात पॉटच्या पूर्ण फेऱ्याला. पॉट ३०० अंश फिरत असेल आणि पेडल त्याला जेमतेम ३० अंश फिरवत असेल, तर हाती शंभरेक पायऱ्याच उरतात. अ‍ॅक्सिलरेटरला तेवढ्या चालून जातात, स्टिअरिंगला नाही. तिथे गिअर लावून पॉट जास्त फिरवायचा किंवा ४०९६ पायऱ्यांचा १२ बिटी बोर्ड घ्यायचा. मी आधी गिअरचा विचार करेन, कारण १२ बिटांतल्या शेवटच्या पायऱ्या बऱ्याचदा विजेच्या खरखरीतच वाहून जातात.

जुना पॉट घेतलात तर मल्टिमीटर रोध मोजायला लावून त्याच्या सुया मधल्या आणि एका टोकाच्या पायाला लावून दांडी अगदी सावकाश फिरवा. आकडा सरळ चढत गेला तर ठीक; मध्येच उडी मारली तर आतली पट्टी झिजलीय आणि गाडी सरळ रस्त्यावर थरथरणार. सॉफ्टवेअरने सरासरी काढून थरथर दाबता येते, पण हाताला उशीर जाणवतो. पॉट 'बी' खुणेचा, म्हणजे सरळ चढणारा असावा. 'ए' खुणेचा ऑडिओसाठी असतो. त्याने एका बाजूला गाडी झपकन वळते, दुसरीकडे सुस्त.

दुसरा प्रकार ऑप्टिकल एन्कोडर. खाचा असलेली चकती दोन प्रकाश-सेन्सरांमधून फिरते. दोघांचे संकेत पाव आवर्तनाने मागेपुढे असतात, त्यामुळे कोणता आधी आला यावरून दिशा कळते. खाचेमागे चार बदल धरले की २४ खाचांच्या चकतीतून फेरीला ९६ नोंदी मिळतात. १९८६ च्या 'सुपर स्प्रिंट'सारख्या, चाक गरगर फिरवायच्या खेळांना हाच हवा. संगणकाला तो माउस वाटतो, म्हणून बोर्डही माउससारखा बोलणारा घ्यावा. फक्त पॉट वाचणारा बोर्ड इथे निरुपयोगी.

गिअर आणि नाण्याच्या बटणाला साधा कीबोर्ड एन्कोडर, म्हणजे बटण दाबलं की संगणकाला कळ दाबल्यासारखं भासवणारा बोर्ड, पुरे. फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटरने चाकाला दिलेला उलटा जोर, मात्र वेगळं प्रकरण आहे. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणित मर्यादा ५०० मिलिअँपिअरची, म्हणजे अडीच वॉट. चाक हातातून खेचणाऱ्या मोटरला स्वतंत्र वीजपुरवठा आणि मोटर चालवणारं ड्रायव्हर सर्किट लागतंच.