पाटे वाढवल्यावर गाडी का आपटते?

निफाड तालुक्यातील एका परिचितांनी लासलगावला कांदा नेणाऱ्या आपल्या पिकअपच्या मागच्या स्प्रिंगमधील पाच पाट्यांमध्ये, म्हणजे एकावर एक रचलेल्या बाकदार पोलादी पट्ट्यांमध्ये, आणखी दोन पाट्यांची भर घातली. कांदा भरल्यावर गाडी मागून खाली बसत नाही म्हणून ते खूश होते. मात्र परतीच्या प्रवासात रिकामी गाडी अशी आपटू लागली की त्यांची कंबर धरली. दोनदा शॉकअप (धक्के शोषणारी तेलाची नळकांडी) बदलले, समोर लिंबू-मिरचीही टांगली गेली. लिंबाचा उपयोग सरबताला झाला असता. शॉकअपचे पैसे मात्र खरोखर वाया गेले, आणि ते का वाया गेले यातच या दुखण्याचे निदान आहे.

सर्वसाधारण समज असा, की पाटे वाढले म्हणजे स्प्रिंग कडक झाली आणि म्हणून धक्के वाढले. हे गणिताने तपासता येते. वजनाखाली स्प्रिंग जितके सेंटीमीटर दबते, त्याच्या वर्गमुळाने 5 ला भागले की गाडी सेकंदाला साधारण किती हेलकावे घेईल ते कळते. रिकाम्या गाडीखाली पाच पाटे 6 सेंटीमीटर दबत असतील, तर उत्तर सुमारे 2 येते. तशाच सात पाट्यांचा कडकपणा 7/5 पट होतो, म्हणजे ते 4.3 सेंटीमीटर दबतील आणि उत्तर 2.4 येईल. फरक आहे, पण कंबर धरण्याइतका नाही.

खरी गोष्ट पाट्यांच्या आपसांतील घर्षणात आहे. दोनशे पानी वही हातात धरून वाकवली तर ती सहज वाकते, कारण प्रत्येक पान शेजारच्या पानावरून थोडे सरकते. तीच पाने एकमेकांना चिकटवून टाकली तर वहीची फळी होते. पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, एकमेकांवरून मोकळे सरकणारे सारख्या लांबीचे सात पाटे एका पाट्याच्या सातपट कडक असतात, तर पूर्ण चिकटलेले सात पाटे 343 पट! प्रत्यक्षातले पाटे लहानमोठे असल्यामुळे आकडा तंतोतंत असा येत नाही, पण अंतर किती मोठे आहे ते ध्यानात येते. त्यात मिस्त्रीने घातलेल्या नव्या पाट्यांचा बाक जुन्यांपेक्षा जास्त होता. यू-बोल्ट (पाट्यांची चळत बांधून धरणारे बोल्ट) आवळले की असे पाटे रिकाम्या गाडीतही एकमेकांवर घट्ट दाबले जातात, आणि लहान धक्क्याचे बळ त्यांना सरकवायला पुरत नाही.

मग गाडी कशावर झुलते? टायरवर. रिकाम्या गाडीखाली टायर जेमतेम दीड सेंटीमीटर दबतात, म्हणजे वरच्याच सूत्राने सेकंदाला सुमारे 4 हेलकावे येतात. माणसाचे शरीर उभ्या धक्क्यांना सर्वांत जास्त हळवे असते ते सेकंदाला 4 ते 8 हेलकाव्यांच्या पट्ट्यात. शिवाय शॉकअप चासी (गाडीचा सांगाडा) आणि अॅक्सल (चाकांचा आस) यांच्यामध्ये बसवलेला असतो. त्या दोहोंमधले अंतरच बदलत नसेल तर त्यातले तेल हलत नाही, आणि शॉकअप कितीही महाग असो, तो निव्वळ एक दांडा ठरतो. ‘हेवी ड्यूटी’ अशी पाटी लावून तो विकणारे ही बाब सांगत नाहीत.

हे ताडून पाहायला यंत्र लागले नाही. अॅक्सलवर, चासीच्या रबरी ठोकळ्याच्या बरोबर खाली, घट्ट मळलेल्या कणकेचा शंकू रबराला टेकेल एवढा उंच करून बसवला आणि गाडी खराब रस्त्यावरून चार किलोमीटर फिरवली. पाटे पूर्ण दबून अॅक्सल रबरावर आदळत असता तर कणकेची पोळी झाली असती. उघडून पाहिले तर शेंडा केवळ एक सेंटीमीटर चेपला होता. बाकी शंकू जसाच्या तसा, वर धूळ बसलेली. म्हणजे पाटे जवळजवळ हललेच नव्हते.

जुने ऑइल पाट्यांवर ओतण्याचा उपाय अनेक जण करतात. घर्षण काही दिवस कमी होतेही, पण तेलाला चिकटलेली धूळ पुढे या उपायाचीच वाट लावते. जास्तीचे दोन पाटे काढून त्यांच्याऐवजी हेल्पर पाटा बसवणे अधिक शहाणपणाचे होते, कारण तो गाडी भरून खाली बसली तरच टेकतो आणि रिकाम्या गाडीत अलिप्त राहतो. अर्थात त्याने गाडीची वजनक्षमता वाढत नाही. ब्रेक, अॅक्सल आणि टायर होते तेच राहतात. टायरमधली हवा मात्र रिकाम्या फेरीसाठी कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणावी लागली, कारण ती आतापर्यंत कायम भरलेल्या गाडीच्या हिशेबाने ठेवलेली होती.

बदल झाल्यावर त्याच रस्त्यावर पुन्हा कणीक लावली. या वेळी शंकू चार सेंटीमीटर चेपला, आणि फेरी संपल्यावर शॉकअपला हात लावला तर तो कोमट लागला, म्हणजे त्यातले तेल आता हलत होते.