गुठळी निघाल्यानंतर: मेंदूभोवतीच्या रक्तस्रावातून सावरताना

डोक्याला जबर मार लागून मेंदूभोवती रक्त साचले आहे असे कळले, की रुग्णाच्या घरच्यांचे सारे लक्ष ते रक्त निघाले की नाही याकडे एकवटते. शस्त्रक्रिया पार पडली, नंतरचा सीटी स्कॅन समाधानकारक आला आणि टाके निघाले, की दुखणे संपले असे सगळे धरून चालतात. मग दोन महिने उलटूनही माणूस पूर्वीसारखा वागत नाही, तेव्हा घर गोंधळून जाते. या आजारात मुळात दोन इजा असतात. साचलेले रक्त ही एक, आणि त्या रक्ताखालच्या मेंदूला बसलेला धक्का ही दुसरी. पहिली काही तासांत दूर करता येते, दुसरी भरून यायला महिने आणि कधी कधी वर्षे लागतात. रुग्णालयातून घरी पाठवताना ही गोष्ट सविस्तर समजावून सांगायला हवी, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही असे माझे ठाम मत आहे.

प्रौढ माणसाच्या कवटीत ढोबळमानाने १,४०० मिलिलिटर मेंदू, १५० मिलिलिटर रक्त आणि तेवढाच मस्तिष्क-मेरुद्रव, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा पाण्यासारखा द्रव, असतो. कवटी ताणली जात नाही, त्यामुळे या तिघांपैकी एकाचे आकारमान वाढले तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते, हा नियम अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडला, आणि आजही मेंदूच्या शस्त्रक्रियेचे अनेक निर्णय त्यावरच घेतले जातात. रक्त साचू लागले की आधी मेरुद्रव मणक्यांच्या पोकळीकडे सरकतो आणि नीलांमधले रक्त बाहेर पडते. एवढे होईपर्यंत कवटीतला दाब फारसा वाढत नाही, रुग्ण बोलतो, चालतो, घरी जायचा हट्टही धरतो. ही सोय संपली की मात्र आणखी थोडे रक्तदेखील दाब झपाट्याने वाढवते आणि तासाभरापूर्वी बोलणारा माणूस बेशुद्ध होतो.

मेंदूवर तीन आवरणे असतात आणि रक्त त्यांपैकी कोणत्या आवरणाच्या वर किंवा खाली साचले यावर पुढची वाटचाल बरीचशी ठरते. कवटीचे हाड आणि सर्वांत बाहेरचे जाड आवरण, म्हणजे ड्युरा, यांच्यामध्ये साचलेले रक्त बहुधा कानाच्या वरच्या भागातले हाड मोडून तिथली धमनी फाटल्याने येते. धमनीतले रक्त जोराने येत असल्याने हा प्रकार झटपट जिवावर बेततो. पण याच प्रकारात खालचा मेंदू पुष्कळदा शाबूत असतो आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर रुग्ण फार चांगला सावरतो. ड्युराच्या खाली साचणाऱ्या रक्ताची, म्हणजे सबड्युरल रक्तस्रावाची, गोष्ट वेगळी आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरून ड्युराकडे जाणाऱ्या बारीक नीला डोक्याला बसलेल्या झटक्याने तुटतात, आणि त्या तुटतील एवढा झटका बसतो तेव्हा मेंदू स्वतःही चेचलेला असतो, त्यातले लांब चेतातंतू ताणले गेलेले असतात. म्हणूनच तीव्र सबड्युरल रक्तस्रावात गुठळी पूर्ण काढूनही मृत्यूचा आणि अपंगत्वाचा धोका मोठा राहतो. त्याहून खालच्या आवरणात पसरलेला रक्ताचा पातळ थर बहुतेक वेळा आपोआप शोषला जातो. मात्र तो दिसला याचा अर्थ मेंदूला धक्का बसला होता असा घ्यायचा असतो.

प्रत्येक गुठळी काढावीच लागते असे नाही. तीव्र सबड्युरल गुठळीची जाडी १० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा मेंदूची मध्यरेषा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल, तर साधारणपणे शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. त्याहून लहान गुठळी असलेल्या आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला डॉक्टर नजरेखाली ठेवतात, काही तासांनी स्कॅन पुन्हा करतात, आणि शरीरातील भक्षक पेशी ते रक्त हळूहळू साफ करतात. ताजे रक्त सीटी स्कॅनमध्ये पांढरे दिसते, एक ते तीन आठवड्यांच्या दरम्यान ते मेंदूच्याच करड्या छटेचे होते आणि नंतर काळसर दिसू लागते. मधल्या काळात ते नजरेतून निसटू शकते, म्हणून स्कॅन वाचणाऱ्याला मार लागल्याची तारीख नेमकी सांगणे फार उपयोगाचे असते.

काही गुठळ्या मात्र साफ होत नाहीत, आणि या आजारातला सर्वांत विलक्षण भाग इथे सुरू होतो. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि ड्युराच्या मधल्या नीला ताणल्या जातात, आणि दाराच्या चौकटीला डोके आपटण्यासारख्या किरकोळ माराने त्यांपैकी एखादी झिरपू लागते. तो मार पुष्कळांना नंतर आठवतही नाही. तीन आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा चाल अडखळते, एका हातातली ताकद कमी होते, डोके दुखते, बोलण्यात गोंधळ येतो, आणि घरचे त्याला म्हातारपण किंवा स्मृतिभ्रंश समजून बसतात. रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५७ मध्ये या दीर्घकालीन सबड्युरल रक्तस्रावाचे वर्णन आवरणाच्या दाहाचा आजार म्हणून केले. १९१४ मध्ये विल्फ्रेड ट्रॉटर यांनी तो मारामुळे नीला फाटून होतो असे मांडले आणि दाहाची कल्पना मागे पडली. आज असे दिसते की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. सुरुवात नीला झिरपण्याने होते, पण साचलेल्या रक्ताभोवती शरीर एक पडदा तयार करते, त्या पडद्यात दाहामुळे नव्या केशवाहिन्या फुटतात, त्या कच्च्या असल्याने पुन्हा पुन्हा गळतात, आणि गोठलेले रक्त विरघळवणारी द्रव्ये तिथे सक्रिय असल्याने गुठळी धरतच नाही. जखम भरून आणण्याची यंत्रणाच इथे जखम वाहती ठेवते.

यावरचा उपाय त्या मानाने साधा आहे. कवटीला एक-दोन छिद्रे पाडून पातळ झालेले, काळपट रक्त धुऊन काढतात. इतक्या वयस्कर रुग्णांत इतका लवकर फरक दाखवणाऱ्या मेंदूच्या शस्त्रक्रिया थोड्याच असतील. कधी कधी दुसऱ्याच दिवशी माणूस नीट चालू-बोलू लागतो. अडचण पुन्हा रक्त साचण्याची असते. केंब्रिज येथे झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर त्या जागी निचऱ्याची नळी ठेवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९ टक्क्यांना दुसरी शस्त्रक्रिया लागली, तर नळी न ठेवलेल्यांपैकी २४ टक्क्यांना. दाह हेच मूळ असेल तर स्टेरॉइडने तो का थांबवू नये, हा विचार स्वाभाविक होता. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७४८ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोन घेणाऱ्यांना दुसरी शस्त्रक्रिया कमी लागली, तरी सहा महिन्यांनी त्यांची एकूण स्थिती औषध न घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली. स्कॅन सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे या चाचणीतून जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसते. अलीकडे ड्युराला रक्त पुरवणारी धमनी आतून बंद करून त्या पडद्याचा रक्तपुरवठाच तोडण्याची पद्धत पुढे आली असून, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेला तिची जोड दिल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले.

तीव्र इजेच्या रुग्णांची वाट अधिक लांबची असते. शुद्ध मोजण्यासाठी १९७४ मध्ये ग्लासगो येथे टीसडेल आणि जेनेट यांनी तयार केलेली ३ ते १५ गुणांची पट्टी जगभर वापरली जाते. पण डोळे उघडणे म्हणजे भानावर येणे असे मात्र नाही. शुद्धीवर आल्यानंतरही काही दिवस किंवा आठवडे रुग्णाच्या मनात नव्या आठवणी टिकत नाहीत, तो तोच प्रश्न पुन्हा विचारतो, नळ्या ओढतो, कधी जवळच्याच माणसावर ओरडतो. हे पाहणे घरच्यांना फार जड जाते, आणि त्यांना हे सांगायलाच हवे की हा रुग्णाचा राग नसून सावरण्यातला एक ओळखीचा टप्पा आहे, ज्यातले पुष्कळसे त्याला नंतर आठवतही नाही. या विस्मृतीचा काळ जितका लांबतो तितकी पुढची सुधारणा सहसा संथ असते. आकडी टाळण्यासाठी पहिले सात दिवस औषध देण्याची प्रथा आहे. ते पहिल्या आठवड्यातल्या आकड्या कमी करते, पण नंतर येणाऱ्या आकड्यांना त्याने आळा बसत नाही हे १९९० मधील चाचणीत दिसून आले, म्हणून आकडी आलेली नसेल तर ते औषध बहुधा पुढे चालू ठेवत नाहीत.

सुधारणेचा पहिला भाग सूज उतरण्याचा असतो. मेंदूचे काही भाग मेलेले नसतात, पण दाबामुळे किंवा जोडलेला दुसरा भाग दुखावल्यामुळे गप्प झालेले असतात, आणि ते परत काम करू लागले की दिवसागणिक प्रगती दिसते. त्यानंतरची सुधारणा हळू होते, कारण उरलेल्या पेशींना नव्या जोडण्या करून गेलेले काम शिकावे लागते आणि त्या जोडण्या सरावानेच पक्क्या होतात. म्हणूनच फिजिओथेरपी, वाचोपचार आणि रोजच्या कामांचा सराव हे विश्रांतीइतकेच महत्त्वाचे उपचार आहेत. पहिल्या सहा महिन्यांत वेग सर्वाधिक असतो, पण सहाव्या महिन्याला दार बंद होते ही समजूत चुकीची आहे. गंभीर इजेनंतर वर्षभराने, दोन वर्षांनीही भर पडत राहते.

हातापायांतली कमजोरी सर्वांना दिसते. थकवा दिसत नाही. अर्धा तास गप्पा मारल्यावर झोपावेसे वाटणे, दोघे एकदम बोलू लागले की काहीच न समजणे, नेमका शब्द न सापडणे, आवाज आणि उजेड सहन न होणे, वास येणे बंद होणे, क्षुल्लक गोष्टीवर भडकणे किंवा कशातच रस न वाटणे, ही सारी मेंदूच्या इजेचीच लक्षणे आहेत. बरा दिसणारा माणूस आळशी किंवा चिडका ठरवला जातो, त्यालाही स्वतःबद्दल तेच वाटू लागते, आणि त्यातून नैराश्य बळावते. त्या नैराश्यावर उपचार आहेत आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

घरी आल्यावर पूर्ण अंधारात पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. सौम्य इजेत एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, लक्षणे वाढणार नाहीत इतपत, हालचाल आणि काम टप्प्याटप्प्याने वाढवतात; गंभीर इजेत हा क्रम उपचार करणाऱ्या चमूने आखून द्यावा लागतो. दारू टाळावी, कारण ती आकडीचा आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढवते. गाडी चालवणे आणि डोक्याला मार लागू शकेल असे खेळ डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बंद ठेवावेत. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची हा अवघड निर्णय असतो, कारण एका बाजूला पुन्हा रक्तस्राव आणि दुसऱ्या बाजूला हृदयातली किंवा पायातली गुठळी असे दोन्ही धोके तोलावे लागतात; ती गोळी स्वतःहून सुरू करू नये आणि स्वतःहून बंदही करू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, एका बाजूची कमजोरी, नव्याने आलेला गोंधळ किंवा आकडी यांपैकी काहीही दिसले तर शस्त्रक्रियेला कितीही आठवडे झाले असले तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे. आणि काही महिन्यांनीही थकवा हटत नसेल, वजन किंवा मासिक पाळी बदलली असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या संप्रेरकांची रक्ततपासणी करून घ्यावी. डोक्याच्या इजेत ही ग्रंथी दुखावली जाऊ शकते, ते सहज लक्षात येत नाही, आणि तिची कमतरता औषधाने भरून काढता येते.