खुलासा : 'एज ऑफ एम्पायर्स २'मधला कॉम्प्युटर अजूनही चोरी करतो का?

'एज ऑफ एम्पायर्स २' या लढाईच्या व्हिडिओ गेममध्ये आपल्याविरुद्ध कॉम्प्युटर खेळतो, आणि 'सर्वात कठीण पातळीवर कॉम्प्युटरला फुकटचं धान्य आणि सोनं मिळतं' ही तक्रार जुनीच. 1999च्या मूळ आवृत्तीपुरती ती खरीही होती. तिथे 'हार्डेस्ट' पातळीवर त्याला खरोखरच जादा सामग्री दिली जायची, कारण त्याशिवाय तो मुरलेल्या खेळाडूपुढे टिकत नसे.

2019च्या 'डेफिनिटिव्ह एडिशन' या नव्या आवृत्तीला मात्र हा आरोप लागू होत नाही. तिच्यात कॉम्प्युटरची बुद्धीच नव्याने लिहिली आहे. 'एक्स्ट्रीम' या तिच्यातल्या सर्वात कठीण पातळीवरही त्याला आपल्याएवढीच सामग्री मिळते. मग तो इतका भारी का पडतो? त्याचं टाउन सेंटर (गावकरी जिथे तयार होतात ती मुख्य इमारत) क्वचितच रिकामं बसतं, गावकरी सतत तयार होत राहतात आणि लढाई चालू असतानाही शेतीकडे त्याचं दुर्लक्ष होत नाही. आपलं नेमकं तिथेच होतं! (हरल्यावर 'चोरी' म्हणणं सोपं, हे वेगळं.)

खात्री करायची असेल तर खेळाचं रेकॉर्डिंग उघडून प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने त्याचा साठा पाहा. शिवाय या आवृत्तीत जुना कॉम्प्युटरही निवडता येतो. त्याला नव्यासमोर उभं करा आणि निकाल बघा.