सावलीची बाजू

२०२४ च्या मे अखेरीस ‘नागपुरात ५६ अंश’ ही बातमी देशभर फिरली. आकडा एका स्वयंचलित हवामान केंद्रावरचा होता. त्या केंद्राच्या सेन्सरमध्ये बिघाड असल्याचा खुलासा हवामान खात्याने केला आणि बातमी मागे पडली. पण तोवर नातेवाइकांचे फोन येऊन गेले होते. मावशीने पुण्याहून बजावलं, ‘आता तरी ती सायकल सोड.’ मी खामल्याहून सिव्हिल लाइन्सला सायकलने ऑफिसला जातो, भर उन्हाळ्यातही, त्यामुळे तिची काळजी मला समजते. पण ५६ खरे मानून घाबरणारे आणि ५६ खोटे ठरले म्हणून निर्धास्त होणारे, दोघेही एकच चूक करतात. हवेचं तापमान म्हणजेच आपल्याला लागणारं ऊन, असं ते धरून चालतात.

तापमापक कुठे ठेवलेला असतो? पांढरी लाकडी पेटी, झडपांच्या भिंती, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर, शक्यतो गवतावर. आत ऊन शिरू नये पण वारा खेळता राहावा, अशी तिची रचना. पेपरात छापून येणारे ४४ अंश त्या पेटीतल्या सावलीचे असतात. चौकात सिग्नलला पाय टेकून उभ्या असलेल्या सायकलवाल्याची गोष्ट वेगळी. त्याच्या डोक्यावर सूर्य असतो आणि पायाखाली तापलेला रस्ता, आणि हे दोघे त्याला किती उष्णता देतात हे त्या पेटीला कळतच नाही.

आधी शरीराचा हिशेब मांडू. सपाट रस्त्यावर साधी सायकल ताशी १५ किलोमीटरने चालवायला पेडलवर ५०-६० वॅट पुरतात. पण आपले स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. शरीराचा नेहमीचा खर्च धरला तर सायकल चालवताना आपण अंदाजे २५० ते ३०० वॅट उष्णता तयार करतो. जुन्या पिवळ्या १०० वॅटच्या बल्बच्या भाषेत, पोटात अडीच-तीन बल्ब पेटलेले. ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. डिसेंबरात ती गार हवेला देता येते. मेमध्ये त्वचा ३५ अंशांची आणि हवा ४३ ची असते, त्यामुळे उष्णता उलटी आत शिरते. झळ लागते म्हणतो ती हीच. मग उरतो एकच मार्ग, घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेतो. म्हणजे आपले अडीच-तीन बल्ब थंड करायला तासाला साधारण ४०० मिलिलिटर घाम पुरतो, फक्त तो वाळला पाहिजे. नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको. घरोघरी मे महिन्यात जो कूलर घरघरतो, तो ओल्या वूडवूलमधून कोरडी हवा ओढून हेच करतो. आपल्या मेची हवा कोरडी असते, हे सायकलवाल्याचं नशीब.

पण हा हिशेब फक्त आपण तयार केलेल्या उष्णतेचा झाला. बाहेरून येणारी उष्णता अजून मोजलीच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकते. ही किरणं डोळ्यांना दिसत नाहीत, पण तव्याजवळ तळहात नेला की न शिवताही जाणवतात. किती टाकते, याचा नियम योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडला आणि पाच वर्षांनी त्यांचेच शिष्य लुडविग बोल्ट्झमान यांनी तो गणिताने सिद्ध केला. उत्सर्जन केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. चौथा घात हा शब्द ऐकून पान उलटू नका, आकडे घालून बघू. ऊन खाल्लेलं डांबर मेच्या दुपारी ६० अंशांवर सहज जातं. आपल्या अंशांत २७३ मिळवले की केल्विन मिळतात, म्हणून ६० अंश म्हणजे ३३३ केल्विन. त्याचा चौथा घात करून स्टेफानच्या स्थिरांकाने गुणलं की दर चौरस मीटरला सुमारे ७०० वॅट येतात. तोच रस्ता झाडाखाली ४० अंशांवर असेल तर येतात ५४५. आपली ३५ अंशांची त्वचा स्वतः ५१० टाकते. आता वजाबाकी करा. सावलीतला रस्ता आपल्याला दर चौरस मीटरला निव्वळ ३५ वॅट देतो, उन्हातला १९० च्या आसपास. दोन्ही ठिकाणी पेटीतला तापमापक जवळपास सारखंच दाखवेल. त्यात डोक्यावरच्या सूर्याचे थेट वॅट मिळवा, म्हणजे सावलीतून उन्हात आल्यावर अंगावर अचानक ओझं पडल्यासारखं का होतं ते कळेल.

एकदा लक्ष्मीनगरमध्ये, आठ रस्ता चौकाच्या अलीकडे, मी दुपारी दोनला सायकल लावून हे हाताने तपासलं. उन्हातल्या डांबरावर तळहात ठेवला तर दोन मोजायच्या आत उचलावा लागला. चार पावलांवर कडुनिंबाखाली तोच हात आरामात टेकून राहिला. वर फांद्यांत बुलबुल चोच उघडी ठेवून बसला होता.

सिमेंट रस्ते गार असतात, असा एक समज आपल्याकडे आहे. हल्ली रस्ते पांढरे रंगवले की शहर थंड होईल, अशा जाहिरातीही दिसतात. नवं सिमेंट डांबरापेक्षा कमी तापतं हे खरं आहे. पण ते कमी का तापतं? कारण ते ऊन परतवून लावतं, आणि परतवलेलं ऊन भर दुपारी वर, म्हणजे तुमच्या हनुवटीवर आणि गॉगलखालच्या गालांवर येतं. रस्त्याला बरं वाटलं म्हणून रस्त्यावरच्या माणसाला बरं वाटेलच असं नाही. झाडाची गोष्ट वेगळी. पान ऊन अडवतं आणि स्वतः पाणी बाष्पात सोडत राहतं, म्हणून ते हवेपेक्षा फारसं तापत नाही आणि खालच्या माणसावर तव्यासारखं धगधगत नाही. कडुनिंब आणि करंज उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच नवी पालवी धरतात आणि मेमध्ये गच्च असतात. फुललेला गुलमोहर दिसायला देखणा, पण ऐन बहरात त्याची पानं विरळ, म्हणून सावलीही फाटकी.

आता रस्ता निवडण्याकडे येतो. यातला एक मुद्दा मला वहीत रेघा मारता मारता सापडला आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी तो सांगत सुटलो आहे. आपण डाव्या बाजूने चालतो. मी सकाळी दक्षिणेकडून उत्तरेला जातो, म्हणजे माझी डावी कड पश्चिमेची. सूर्य पूर्वेला. माझ्या कडेच्या झाडांची सावली रस्त्यावर पडतच नाही, ती पलीकडच्या कंपाउंडात जाते. पूर्वेच्या इमारतींची सावली माझ्यापर्यंत यायची तर तिला अख्खा रस्ता ओलांडावा लागतो. मे अखेरीस नागपुरात सकाळी साडेनऊला सूर्य क्षितिजापासून ५२-५३ अंश वर असतो, तेव्हा १० मीटर उंच इमारतीची सावली साडेसात मीटर पडते. तीस मीटर रुंद रस्त्यावर ती माझ्या आसपासही फिरकत नाही. सात मीटरच्या गल्लीत मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचते. उलट मानकापूरहून वर्धा रोडकडे नोकरीला येणाऱ्याची डावी कड सकाळी पूर्वेची असते, त्यामुळे त्याला आपल्याच कडेच्या झाडांची सावली मिळते. घर ऑफिसच्या उत्तरेला असेल तर रुंद रस्ताही चालतो, दक्षिणेला असेल तर अरुंद रस्ते शोधावेत. संध्याकाळी साडेपाचला सावल्या इतक्या लांबतात की बाजूचा प्रश्न मिटतो. तेव्हा महत्त्व दिवसभरात साठलेल्या उष्णतेला, आणि दुपारभर झाडाखाली राहिलेला रस्ताच तेव्हा सोसवतो.

पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांसाठी यात सुरक्षेचा भाग आहे. वाडीहून अमरावती रोडने शहरात येणाऱ्याच्या डोळ्यांत सकाळी सूर्य, परतताना पुन्हा सूर्य. त्याच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत तोच सूर्य आणि काचेवर धूळ. धुळीचा प्रत्येक कण प्रकाश विखुरतो, काच दुधाळ होते आणि पुढचा सायकलवाला त्यात विरघळून जातो. पारडीहून पश्चिमेला येणाऱ्याच्या मात्र पाठीवर ऊन असतं, तो मागच्या वाहनाला लख्ख दिसतो. वाडीकरांनी ऑक्टोबर ते मार्चच्या संध्याकाळी वीस मिनिटं थांबून, सूर्य बुडाल्यावर, मागचा दिवा लावून निघावं.

माझ्यासाठी सर्वांत सरळ रस्ता वर्धा रोडचा. छत्रपती चौक, अजनी, बर्डी, झिरो माईल. तिथे वर मेट्रो आणि मध्ये उड्डाणपूल असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे, आणि सकाळी त्याची सावली पश्चिमेला, चक्क माझ्या बाजूला सरकते. तरी मी त्या रस्त्याने जात नाही, आणि त्याचं कारण तिथला वेग. ताशी ६० ने येणाऱ्या गाडीची ऊर्जा ताशी ३० च्या गाडीच्या दुप्पट नसते, चौपट असते. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतरही तसंच वाढतं. चालकाला धोका कळायला एक सेकंद धरला तर ३० ची गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ६० ची ३६ मीटर घेते. पंधरा मीटरवर मी दिसलो तर पहिला वेळेत थांबेल, दुसऱ्याचा पाय तोवर ब्रेकवर पोचलेलाही नसेल. म्हणून खामल्यातून देवनगर, लक्ष्मीनगर, बजाजनगर, शंकरनगर, धरमपेठच्या आतल्या गल्ल्या, लॉ कॉलेज चौक आणि मग सिव्हिल लाइन्सची मोठी झाडं, असा माझा रस्ता. थोडा लांब पडतो, पण सिग्नल कमी. सिग्नलला वारा थांबतो, घाम वाळेनासा होतो आणि खालून रस्ता तापवतच राहतो. गल्लीत कुत्री मागे लागतात, हे खरं. तेव्हा उतरून सायकल मध्ये धरून चालत जातो.

गल्लीचा दुसरा धोका म्हणजे सिमेंट रस्ता आणि कडेचे गट्टू, म्हणजे फरशीसारखे बसवलेले सिमेंटचे ठोकळे, यांच्यामधली फट. एका पावसाळ्यात ऑटोला वाट द्यायला मी कडेला सरकलो, पुढचं चाक त्या फटीत शिरलं आणि मी कोपरावर पडलो. सायकल तोल सांभाळते ती पडण्याच्या दिशेला हँडल किंचित वळवून, सतत, आपल्याला न कळत. फटीत चाक वळूच शकत नाही, मग वेग कितीही कमी असो, सायकल आडवी होणारच. अशी कड ओलांडायची तर हँडल चांगलं वळवून, आडवी ओलांडावी. तिला समांतर जात कधीच चढू नये.

ऑफिसच्या गेटवरचे चौकीदार काका मला रोज विचारतात, ‘भाऊ, कांदा ठेवला का खिशात?’ त्यांची माया मोठी आहे, पण कांद्याने ऊन अडत नाही. १०० ग्रॅमचा कांदा पाच अंशांनी तापायला दोन किलोज्यूल घेतो, आणि सायकल चालवताना शरीर तेवढी उष्णता आठ सेकंदांत तयार करतं. ऊन लागलं तर जीव जातो, म्हणून खिशातल्या कांद्यावर विसंबून कोणी पाण्याची बाटली घरी विसरू नये. नवतप्याचंही, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरच्या नऊ तापत्या दिवसांचंही, तसंच. ६५ प्रकाशवर्षं दूर असलेला रोहिणी तारा आपल्याला तापवत नाही. २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो आणि पावसाआधीची माती कोरडीठाक असते, हे कारण पुरेसं आहे. आपल्या मुली डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघतात, त्यात मात्र पक्कं विज्ञान आहे. ती अंगावर सोबत नेलेली सावली आहे, आणि सुती कापड ओलं केलं तर सोबत नेलेला कूलरही. मी पांढरा दुपट्टा आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा वापरतो.

जुलैत हे सगळं गणित बदलतं. ढगांमुळे सावलीची किंमत उतरते. घरातला कूलर नुसती दमट हवा फेकायला लागतो आणि घाम न वाळता कोपरावरून ठिबकतो. ठिबकलेला घाम काहीच थंड करत नाही. तेव्हा मी पोटातले बल्बच कमी करतो. ताशी १५ ऐवजी १२ ने चालवतो, घरून दहा मिनिटं आधी निघतो आणि धरमपेठच्या गल्ल्यांत पाणी साचलं असेल तर खड्डा दिसत नाही म्हणून त्या दिवशी मोठ्या रस्त्याने, कडेकडेने जातो.