एक्स-रे स्वच्छ, तरी गुडघा सटकतो

कबड्डीत चढाईपटू निदान रेषा ओलांडून आत शिरतो, गडी टिपतो, झटक्यात मध्यरेषेकडे वळतो आणि कुणी हात लावलेला नसताना गुडघा धरून खाली बसतो. कधी कधी ‘कट्’ असा आवाज त्याला स्वतःला स्पष्ट ऐकू येतो. दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजतो. दवाखान्यात एक्स-रे निघतो, त्यात कुठेही फ्रॅक्चर नसतं आणि घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. पंधरा-वीस दिवसांत सूज ओसरते, पोरगं नीट चालायला लागतं आणि महिन्याभरात पुन्हा मैदानात उतरतं. मग पुन्हा एकदा वळताना गुडघा सटकतो.

एक्स-रे खोटा नसतो. त्यात हाडं दिसतात आणि हाडं खरोखरच शाबूत असतात. पण गुडघा हाडांच्या भरवशावर उभाच नाही.

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो. गुडघ्यात तशी सोय नाही. मांडीचं हाड खाली दोन गोल उंचवट्यांत संपतं आणि ते टेकतात नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर. पुढची वाटी मांडीच्या स्नायूंची ओढ नडगीपर्यंत पोचवते, पण या दोन हाडांना ती एकत्र बांधून ठेवत नाही. ते काम स्नायूंचं आणि चार मुख्य अस्थिबंधांचं, म्हणजे बोलीभाषेतल्या लिगामेंटचं. दोन लिगामेंट सांध्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि दोन आत, एकमेकांना फुलीसारखी छेदून जाणारी. एक्स-रेवर यातलं एकही दिसत नाही.

आतल्या दोघांपैकी पुढचं ते एसीएल. मांडीच्या हाडावर ते मागच्या बाजूला चिकटलेलं असतं. तिथून पुढे तिरकं उतरत नडगीच्या माथ्यात घुसतं. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. तरुण माणसाचं एसीएल प्रयोगशाळेत ताणून पाहिलं, तेव्हा ते सरासरी २,१६० न्यूटन, म्हणजे साधारण २२० किलो वजनाइतकी ओढ घेऊन मग तुटलं. नडगी पुढे घसरू न देणं आणि तिला नको तितकं पिळू न देणं, ही त्याची दोन कामं.

सरळ धावताना त्याच्यावर फारसा ताण येत नाही. धोका असतो तो थांबण्यात, वळण्यात आणि उडी मारून खाली येण्यात. पाऊल जमिनीला घट्ट रोवलेलं, गुडघा किंचितच वाकलेला आणि आतल्या बाजूला कललेला, वर धड भलतीकडे फिरलेलं. एवढं जुळून आलं की नडगी पुढे सरकते, पिळली जाते आणि एसीएल फाटतं. यातल्या बहुसंख्य दुखापतींत समोरच्या खेळाडूचा थेट धक्का गुडघ्याला लागलेलाच नसतो. अशा प्रसंगांची चित्रफीत बारकाईने तपासल्यावर दिसलं, की पाऊल टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत सगळं घडून जातं. इतक्या वेळात स्नायू आवळून गुडघा सावरणं कुणालाच शक्य नाही.

दोन-तीन तासांत येणारी ती टम्म सूज बहुतेकदा रक्ताची असते. एरवी सांध्यात जेमतेम काही मिलिलिटर वंगणासारखा द्रव असतो. एसीएल फाटलं की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या सांध्यातच वाहू लागतात. अशा ताज्या दुखापतीवर गरम शेक आणि रगडून मालिश आपल्याकडे अजूनही सर्रास चालतं. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पहिले काही दिवस बर्फ, विश्रांती आणि दाब देणारी पट्टी एवढंच हवं.

सांध्याच्या बाजूंचं लिगामेंट, विशेषतः दुसऱ्या गुडघ्याकडच्या अंगाचं, फाटलं तर ते पुष्कळदा पट्टा बांधून आणि व्यायामाने भरून येतं. तिथे रक्ताची गुठळी जागेवर टिकते आणि तिच्या आधाराने नवी ऊती तयार होते. एसीएल सांध्यातल्या द्रवात असतं. तिथे गुठळी टिकत नाही, तुटलेली टोकं अंतरावर राहतात आणि पूर्ण तुटलेलं लिगामेंट सहसा नीट सांधलं जात नाही. सूज मात्र उतरते, दुखणं थांबतं, आणि नेमका तिथेच घोळ होतो.

कारण आता गाद्यांची पाळी असते. दोन हाडांच्या मध्ये मेनिस्कस नावाच्या दोन गाद्या असतात. आतल्या अंगाची इंग्रजी ‘सी’च्या आकाराची, बाहेरच्या अंगाची जवळपास गोल. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा साधारण निम्मा भार त्या पेलतात, काटकोनात वाकवल्यावर त्याहून बराच जास्त. एसीएल नसलेला गुडघा दर वेळी सटकला की या गाद्या हाडांत चिमटतात, चिरतात. फाटलेला तुकडा मध्ये अडकला की गुडघा सरळच होत नाही, लॉक होतो. प्रत्येक गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असल्याने तिथली चीर टाके घालून जुळू शकते, आतल्या कडेला रक्तवाहिन्याच नाहीत. पूर्वी शल्यचिकित्सक फाटलेली गादी सरळ काढून टाकत. १९४८मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक फेअरबँक यांनी दाखवून दिलं, की गादी काढलेल्या गुडघ्यांत पुढे एक्स-रेवर झिजेच्या खुणा उमटतात. म्हणून आता जमेल तितकी गादी वाचवतात. विशी-पंचविशीतला खेळाडू चाळिशीत जिना चढताना कण्हतो, त्याची सुरुवात अनेकदा अशा दुर्लक्षित सटकण्यात असते, आणि हे टाळता येण्यासारखं आहे याचंच जास्त वाईट वाटतं.

ओळखणं तसं अवघड नाही. रुग्णाला उताणं झोपवून गुडघा २०-३० अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी स्थिर धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. शाबूत एसीएल असेल तर नडगी थोडी सरकून ठाम अडते. फाटलेलं असेल तर ती पुढे येतच राहते, अडकल्याचा तो घट्टपणा हाताला लागत नाही. फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांच्या नावाची ही तपासणी १९७६मध्ये प्रसिद्ध झाली. तिला यंत्र लागत नाही, सरावलेले हात लागतात. गाद्यांचं काय झालंय हे पाहायला मग एमआरआय.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. वळण्या-उड्यांचा खेळ खेळायचा नसेल, तर स्नायू बळकट करून अनेक जण छान वावरतात. कबड्डी, खो-खो, फुटबॉलमध्ये परतायचं असेल, तर बहुधा स्वतःच्याच मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुरज्जू घेऊन नवं लिगामेंट बसवतात. हा तुकडा पहिले काही महिने उलट कमकुवत होतो, मग हळूहळू त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि तो नव्याने घडतो. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात, मैदानावर परतणं ९ महिन्यांपर्यंत जसजसं लांबवलं, तसतसं प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेलं दिसलं. स्पर्धा तोंडावर आली म्हणून सहाव्या महिन्यात मुलाला उतरवणाऱ्या प्रशिक्षकांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

फाटण्याआधी करण्यासारखंही पुष्कळ आहे. ४० मिलिसेकंदांत विचार करता येत नाही, पण शरीराला सवय लावता येते. उडीनंतर दोन्ही गुडघे वाकवून मऊ उतरायचं, गुडघा आत न कलता पावलाच्या रेषेत ठेवायचा, एका पायावर तोल सांभाळायचा, मांडीच्या मागचे आणि कमरेचे स्नायू बळकट करायचे. असा सराव नियमित करणाऱ्या संघांमध्ये एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्याचं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसतं. मुलींना ही दुखापत तोच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा साधारण दोन ते तीन पटींनी जास्त होते, त्यामुळे शाळेच्या मुलींच्या संघापासून सुरुवात करणं सर्वांत फायद्याचं. रोजच्या वॉर्म-अपमधली १५-२० मिनिटं पुरतात, साहित्य काहीच लागत नाही.