कमांड लाइन लोगो जनरेटर

छोट्या ओपन सोर्स प्रकल्पासाठी टर्मिनलवरूनच, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीतूनच, साधा लोगो तयार करून देणारा प्रोग्राम. त्याला प्रकल्पाचे नाव किंवा आद्याक्षर, एक-दोन रंग आणि पार्श्वभूमीचा आकार सांगायचा. तो एसव्हीजी फाइल लिहून देतो आणि सांगितल्यास तिच्यावरून निरनिराळ्या मापांच्या पीएनजी, म्हणजे पिक्सेलच्या चित्रांच्या फाइली, काढतो. ऐरोली-महाप्यात किंवा वागळे इस्टेटीत दिवसभर नोकरी करून रात्री घरी स्वतःचा प्रकल्प लिहिणाऱ्याच्या हाताशी डिझायनर नसतो. रीडमीच्या (प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या फाइलीच्या) माथ्यावर आणि ब्राउझरच्या टॅबवर लावायला काहीतरी नेटके मात्र हवे असते. अशा साधनांचा उपयोग तिथे होतो.

टर्मिनलवर अक्षरे सजवण्याची हौस जुनी आहे. युनिक्सच्या बॅनर कमांडने शब्द मोठा करून छापता येई. १९९१ मध्ये ग्लेन चॅपेल आणि इयन चाय यांच्या फिगलेट या प्रोग्रामने त्याच कल्पनेला तऱ्हेतऱ्हेचे फॉन्ट दिले, आणि आजही कितीतरी प्रोग्राम सुरू होताना फिगलेटने काढलेले आपले नाव दाखवतात. ते टर्मिनलपुरतेच राहते. १९९० मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या इमेजमॅजिक या चित्रे घडवणाऱ्या प्रोग्राममुळे कमांड देऊन खरे चित्र काढणे सोपे झाले. पण मोठा फरक पडला तो २००१ मध्ये, वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एसव्हीजीला मान्यता दिली तेव्हा. एसव्हीजीत चित्र मजकुराच्या रूपात असते: वर्तुळ कुठे, त्रिज्या किती, रंग कोणता, सारे शब्दांत लिहिलेले. त्यामुळे लोगो गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कोडच्या शेजारी नांदतो, आणि कोणी रंग बदलला तर डिफमध्ये (बदलाच्या यादीत) नेमकी तेवढीच ओळ दिसते. मजकूर लिहू शकणारा कोणताही प्रोग्राम मग लोगो काढू शकतो.

समजा, ठाण्यातील तलावांच्या नोंदी ठेवणारा एक छोटा प्रोग्राम आहे आणि त्याला ‘ठ’ हे चिन्ह हवे आहे. देवनागरीत याहून सोपी अक्षरे थोडीच: वर आडवी शिरोरेषा, तिला टांगलेला आखूड दांडा आणि खाली गोल. मासुंदा तलावाच्या शहराला हा गोल फार शोभतो. चौकट ६४ × ६४ ची घ्यावी. शिरोरेषा वरून ८ पासून १६ पर्यंत, डावीकडून ८ पासून ५६ पर्यंत. दांडा मधोमध, २८ ते ३६. वर्तुळाचे केंद्र आडवे ३२ आणि उभे ४०, त्रिज्या १६, रेषेची जाडी ८. (एसव्हीजीत उभे अंतर वरून खाली मोजतात, शाळेतल्या आलेखाच्या उलट, पहिल्या प्रयत्नात अक्षर डोक्यावर उभे राहते ते यामुळेच.) जाडीचा ८ हा आकडा सहज निवडलेला नाही. टॅबवरचा फेव्हिकॉन (छोटे चिन्ह) १६ पिक्सेलचा, म्हणजे या चौकटीच्या पाव असतो. तिथे ८ ची जाडी बरोबर २ पिक्सेल होते आणि शिरोरेषेच्या, दांड्याच्या कडा पिक्सेलच्या सीमेवर बसतात. जाडी ६ ठेवली की तिथे दीड पिक्सेल येतो आणि कडेला राखाडी धूसरपणा पसरतो. लोगो सुंदर दिसतो की नाही ते बहुधा या लहान मापातच ठरते, म्हणून तो आधी १६ पिक्सेलमध्ये पाहावा आणि मग मोठा करावा.

काही साधने अक्षराऐवजी प्रकल्पाच्या नावाचा हॅश, म्हणजे नावावरून गणिताने काढलेला आकडा, घेऊन त्यावरून चौकोनांची नक्षी काढतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१३ पासून खातेदारांना दिलेली ५ × ५ घरांची आयडेंटिकॉन ही याच जातीची. डावी-उजवी बाजू सारखी असल्याने १५ घरेच मोकळी राहतात आणि ३२,७६८ नक्ष्या होतात. नक्षी वेगळी दिसते खरी, पण प्रकल्पाविषयी ती काहीच बोलत नाही, अक्षर बरे.

मराठी नाव पूर्ण लिहायचे झाले की साधनाची परीक्षा होते. ‘ठिपका’ टाईप करून पाहावे. युनिकोडमध्ये ‘ठ’ आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर साठवलेली असते; दाखवताना वेलांटी ‘ठ’च्या अलीकडे आणणे आणि जोडाक्षरे जुळवणे हे काम हार्फबझसारख्या शेपिंग इंजिनाचे. जे साधन फॉन्टमधून एकेक आकृती उचलून शेजारी शेजारी मांडते, त्याच्या लोगोत वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि ‘क्ष’ फुटून ‘क’चा पाय उघडा पडतो. हा दोष मराठी वाचकाला पहिल्या नजरेत खटकतो, आणि साधन लिहिणाऱ्या, पण देवनागरी न वाचणाऱ्या माणसाला कधीच दिसत नाही. इमेजमॅजिकला मजकूर पँगो या अक्षरे मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत दिला तर हे टळते. दुसरी खबरदारी म्हणजे अक्षरांचे पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकृतीत, रूपांतर. फाइलीत नुसते फॉन्टचे नाव राहिले, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर लोगो वेगळाच दिसतो.

फॉन्टची अडचण आता फारशी नाही. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल विंडोजबरोबर घरोघरी पोचला, पण तो मुक्त परवान्याचा नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, आणि त्या परवान्यात फॉन्ट वापरून केलेल्या लोगोवर कोणतेही बंधन येत नाही.

रंगाचे गणित साधनाकडून करून घ्यावे. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर ‘ठाणे’ दुरून वाचता येते ते पिवळ्यावर काळे असल्यामुळे: शुद्ध पिवळा आणि काळा यांचे कॉन्ट्रास्ट प्रमाण १९.५६ : १ भरते, तर पिवळ्यावर पांढऱ्याचे जेमतेम १.०७ : १. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो डार्क मोडमध्ये नाहीसा होतो. एसव्हीजीतच दोन्ही रंगसंगती लिहून ठेवता येतात.

लोगोचा परवाना कोडच्या परवान्याहून वेगळा असू शकतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने २००६ मध्ये आपल्याकडच्या फायरफॉक्स ब्राउझरचे नाव बदलून आइसवीझल केले, त्यामागे कोड मुक्त असूनही लोगो मुक्त नसणे हे एक मोठे कारण होते. जुने नाव परत यायला २०१६ उजाडले. म्हणून लोगोच्या फाइलीशेजारीच, ती ज्या कमांडने तयार झाली ती कमांड आणि लोगोचा परवाना अशा दोन ओळी लिहून ठेवाव्यात.