कॅप्टनने ऐकावं म्हणून

संकटात डोकं थंड ठेवा, हाताखालच्यांचं ऐका, हे आज कुठल्याही कंपनीच्या प्रशिक्षणात सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा स्वभावाचा भाग. असला तर असला. विमान कंपन्याही बराच काळ असंच धरून चालत होत्या. हा शिकवण्याचा विषय ठरला तो १९७०च्या दशकातल्या दोन अपघातांमुळे.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी एका बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून तिथली विमानं शेजारच्या तेनेरिफला वळवली गेली. छोट्याशा विमानतळावर गर्दी, त्यात धुकं. केएलएम या डच कंपनीच्या बोइंग ७४७ विमानाच्या कॅप्टनला ड्यूटीचे तास संपत आल्याची घाई होती. हा गृहस्थ कंपनीचा ७४७वरचा मुख्य प्रशिक्षक. सहवैमानिकाची या विमानावरची परीक्षा दोनच महिन्यांपूर्वी त्यानेच घेतली होती. परवानगी येण्याआधीच कॅप्टनने विमान पुढे काढलं, तेव्हा सहवैमानिकाने एकदा अडवलं. दुसऱ्यांदा मात्र अडवलं नाही. त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचंही विमान होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? झालंय, असं कॅप्टनने ठासून सांगितलं. ते झालं नव्हतं. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ला, युनायटेड या विमान कंपनीचं डीसी-८ विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडवर तासभर घिरट्या घालत राहिलं. कॅप्टनचं सगळं लक्ष चाकांच्या बिघाडाकडे, आणि इंधन संपत चाललेलं. कॉकपिटमधले बाकीचे दोघे इंधनाबद्दल बोलत होते, पण आडून, अदबीने. इंजिनं बंद पडली, विमान शहराच्या कडेला कोसळलं आणि दहा जण दगावले. विमानात बिघाड होता, पण त्याने कोणी मेलं नसतं.

१९७९मध्ये नासाने विमान कंपन्यांना बोलावून यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी पहिला पूर्ण अभ्यासक्रम सुरू केला. तेच आजचं क्रू रिसोर्स मॅनेजमेंट (सीआरएम), म्हणजे विमानातल्या सगळ्यांनी एकमेकांचं ऐकत काम करण्याचं प्रशिक्षण. जुन्या वैमानिकांनी त्याची ‘चार्म स्कूल’, म्हणजे गोड वागायला शिकवणारी शाळा, म्हणून टर उडवली. सुरुवातीचा भर कनिष्ठांना ठामपणे बोलायला शिकवण्यावर जास्त होता. माझ्या मते खरी मेख तिथे नव्हतीच. बोलणारा तेनेरिफलाही होता.

ती मेख कुठे होती हे दिसलं १९ जुलै १९८९ला. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्या डीसी-१०चं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. विमान वळवायला, वरखाली करायला काहीही उरलं नाही. असं घडेल हे कोणी गृहीतच धरलं नव्हतं, त्यामुळे पुस्तकात उपायही नव्हता. कॅप्टन अल हेन्स यांनी तसं मान्य केलं आणि सगळ्यांची मतं घेत राहिले. प्रवाशांमध्ये कंपनीचा एक प्रशिक्षक वैमानिक होता, डेनिस फिच. त्याने मदत देऊ केल्यावर हेन्सनी त्याला कॉकपिटमध्ये घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल सरळ त्याच्या हातात दिले. तो दोन खुर्च्यांमध्ये गुडघ्यांवर बसून इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान वळवू लागला. कुठल्याही धावपट्टीवर उतरा, असं कंट्रोलरने सांगितल्यावर हेन्स हसले: म्हणजे धावपट्टीच हवी का तुम्हाला? अमेरिकेतल्याच सू सिटी इथल्या विमानतळावर विमान आदळून पेटलं. २९६ पैकी ११२ गेले, १८४ वाचले. नंतर सिम्युलेटरवर अनेक वैमानिकांनी तसं उतरवून पाहिलं, कोणालाच नीट जमलं नाही. पूर्वी कॅप्टन म्हणेल ती पूर्व दिशा असायची आणि त्यापायी काही विमानं गेली, असं हेन्स पुढे भाषणांत सांगत.

विमानातली ही रीत पुढे ऑपरेशन थिएटरपर्यंत गेली. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासणी यादी ज्यांच्या पुढाकाराने तयार झाली, ते डॉ. अतुल गावंडे मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कुटुंबातले. चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असं त्या यादीत आहे. नर्सने एकदा तोंड उघडलेलं असलं की पुढे शंका काढणं तिला सोपं जातं. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

आपल्याकडे हा विषय बातम्यांत आला तो २२ मे २०१०च्या मंगळूरू अपघाताने. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेकडीवरच्या धावपट्टीवर फार उंचावरून, फार वेगात उतरत होतं. कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त वेळ झोपलेला होता. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हणून सांगितलं, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. यंत्राचा इशाराही वाजत होता. कॅप्टनने विमान उतरवलंच, तेही निम्म्याहून जास्त धावपट्टी मागे टाकून. जोरात ब्रेक लावले असते तर ते धावपट्टीवरच थांबलं असतं, असं चौकशी अहवाल म्हणतो. ब्रेक लावल्यावर काही सेकंदांतच कॅप्टनने ते पुन्हा वर नेण्याचा प्रयत्न केला. हवेत असताना तीनदा जे सांगितलं होतं, ते त्याने जमिनीवर आल्यावर केलं. १६६ पैकी आठ जण वाचले.